आताची का तवाची?

नांदूरघाटच्या मैदानावर पौर्णिमाच्या हलगी पथकाचा कार्यक्रम रंगात आला होता, आणि तिचे आजोबा सर्जेराव काही केल्या खुर्चीत टिकत नव्हते. उभी हयात हलगी वाजवण्यात गेलेला माणूस. शेजारी बसलेला नातू नवनाथ मोबाईलवर शूटिंग करता करता सारखं विचारत होता, "आबा, खरं सांगा, तुमच्या टायमाची वाजवणी भारी का आताची?"

"गप बस की जरा. संपू तर दे."

वीस पोरी, एकसारखे फेटे, एकदाही ताल चुकला नाही. तरी आबा सारखे उठायचे, पौर्णिमाच्या हाताकडं बघायचे, पुन्हा बसायचे. नवनाथला वाटलं, आबांना पोरींचं वाजवणं काही पटलेलं दिसत नाही.

शेवटची थाप पडली. गावचा तरुण सरपंच, म्हणजे जुन्या पाटलांचा नातू, बक्षिसाची ढाल घेऊन स्टेजवर चढला, तसे आबा ताडकन उभेच राहिले. पौर्णिमानं हलगी काखेत मारली आणि पुढं होऊन दोन्ही हातांनी ढाल घेतली. सरपंचानं हात पुढं केला, तर तोही तिनं हातात घेतला.

आबा हळूच खाली बसले. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं.

"आताची. आताची लई भारी हाय."

"कावून, आबा?"



"आमी वाजवून झालं की हलगी उताणी धरायचो. ह्याचा आजा लांबूनच तिच्यात भाकर टाकायचा."