उशिरा ऐकणारं स्टिअरिंग

नातीनं दणकट नवाकोरा पिकअप घेतला खरा, पण स्टिअरिंग इतकं सैल, की फिरवावं, निवांत चहा प्यावा, कपबशी विसळावी, तेव्हा कुठे टायर वळायचे. उद्या ती गॅसच्या टाक्या भरून घाट उतरणार होती. गॅरेजातला मेकॅनिक क्षणभर गाडीखाली लोळला आणि हात पुसत म्हणाला, “झालं आजी, सगळं आवळलं.” माझ्याकडे बघेना मात्र. मी स्टिअरिंग फिरवलं, टायर ढिम्म. “नव्या गाडीचं असंच असतं.” “असं? मग तुझ्या आईला बसव आणि समोरच्या उतारावरून फिरवून आण,” मी म्हटलं. त्याची आई गल्ल्यावर घोरत होती, पण हे बरोब्बर ऐकू गेलं. “एरवी कुठे फिरवतोस रे मला!” म्हणत ती चढलीसुद्धा. त्यानं किल्ली लावली, उताराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. “आई, उतर,” तो पुटपुटला आणि पाना घेऊन पुन्हा गाडीखाली शिरला.