चाचणीचं वाक्य

ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर कॉपी केलेलं पेस्ट करायला गेलं की भलतंच काहीतरी उमटायचं.

“बाई, दहा मिनिटांत सुतासारखा सरळ करतो,” दुरुस्तीवाला म्हणाला. असली कामं म्हणजे त्याच्या हातचा मळ.

त्याने कीबोर्ड बदलला, मशीन बंद करून चालू केलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे चाचणीला लिहायचा तेच गमतीचं वाक्य लिहिलं. ‘जेवलास का?’ कॉपी केलं, खाली पेस्ट केलं.

‘नाही.’

“कुणाची तरी चेष्टा, दुसरं काय!” हसतच त्याने नेटची वायर उपटली आणि तेच वाक्य पुन्हा पेस्ट केलं.

‘अजून नाही. बाईंना जाऊ दे.’

“तुमचं चालू द्या,” मागून ग्रंथपालबाई म्हणाल्या, “मी आलेच.” आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.