बरणीतलं मेतकूट

मुलांनो, डोळे मिटा आणि नवघरमधलं एक स्वयंपाकघर समोर आणा. अनुष्का आणि तिचे बाबा गिरगावातून सकाळीच इथे राहायला आलेत. शेजारच्या इंदुबाई सामान लावायला आल्यात. इमारतीत कुणीही नवं आलं की त्या जातातच. बाबा दूध घेऊन परतेपर्यंत त्यांनी सगळे डबे घासून पालथे घातले. "काकू, छोट्या बरणीतलं मेतकूट कुठंय?" अनुष्काने विचारलं. "त्याला किडे झालेले गं बाय, मोरीत ओतलं मी. आईला सांग, ताजं करंल." बाबा दारातच थबकले. "ते तिच्या आईनंच केलेलं," ते हळूच म्हणाले. "शेवटचं. दिवाळीत गेली ती." अनुष्काने बरणी हुंगली. नुसता साबणाचा वास. इंदुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्याला बरणी रिकामी करताना उडालेलं मेतकूट लागलं होतं. अनुष्काने तो त्यांच्या हातातून अलगद सोडवला आणि नाकाशी धरला.