हलके झालेले स्टिअरिंग

‘वाहनात कोणताही यांत्रिक दोष आढळून आला नाही. चालकाचे वय पाहता त्यास डुलकी लागून वाहनावरील ताबा सुटला असावा.’ असोद्याच्या ज्ञानेश्वर आबांच्या मृत्यूवर सरकारने खर्च केलेली वाक्ये एवढीच. आबांच्या मुलीला, दिपमालाला, ती स्तोत्रासारखी पाठ झाली होती. आणि स्तोत्र म्हणणाऱ्यांप्रमाणेच ती वाक्ये लिहिणाऱ्यालाही अर्थाशी कर्तव्य नव्हते.

दिपमाला जळगावच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. तिने पहिले वाक्य हाती घेतले. दोष आढळला नाही, कारण तो शोधला नाही. तपासणाऱ्या साहेबांनी गाडीची किल्ली फिरवण्याचेही कष्ट घेतले नव्हते. मग दुसरे. डुलकी लागलेल्या माणसाची गाडी भरकटते. पारोळ्याच्या पुढे, सुतासारख्या सरळ रस्त्यावर, आबांची अँबेसेडर कंपासने आखावी तशी डावीकडे वळली होती आणि कोरड्या नाल्यात उतरली होती. टायरच्या खुणांची ती कमान तिने स्वतः जाऊन पाहिली. तिच्यात कुठे थरथर नव्हती. कोणीतरी सावकाश, ठरवून स्टिअरिंग फिरवले होते. गाडीला फारसे काही झाले नाही. आबांच्या छातीला झाले.

ते कोणीतरी म्हणजे एक मोटर, हा दिपमालाचा निष्कर्ष होता. आबांचा उजवा खांदा आखडलेला. अँबेसेडर वळवायची म्हणजे जात्यावर पायली दळायची. गाडी विकण्याऐवजी त्यांनी धुळ्याच्या झुलाल मिस्त्रीकडून तिला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवून घेतले: भंगारातल्या एका लहान गाडीचा स्टिअरिंगचा दांडा आणि त्याच्या पोटाशी डब्यात मोटर. हाताने नुसते सुचवायचे, जोर मोटरने लावायचा. आबा असोद्याला परतले ते तर्जनी नाचवतच.

“बेटा, एक बोटवर फिरस! कोनी तरी संगे धरेल शे आसं वाटस.”

पारावर हे प्रात्यक्षिक बरेच दिवस चालले. “आबा, आते नवरदेवनी गाडी तुम्हीच चालाडा,” पोरे म्हणत. त्याच पारावर आता निराळे बोलणे होते. म्हाताऱ्याला झोप आवरत नव्हती तर गाडी काढायची कशाला? नाल्याऐवजी समोर कोणाचे लेकरू असते तर? आबांचे नाव निघाले की माणसे मान हलवत. चूक आबांची नव्हती, एवढे एकच वाक्य तिला कागदावर हवे होते. त्यासाठी तिने गाडी ओढवून पुन्हा झुलालच्या गॅरेजात पाठवली आणि नवी बॅटरी लावायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती धुळ्याला पोहोचली. पत्र्याखाली झुलालशिवाय चिटपाखरू नव्हते. झुलालने गाडी इतर गाड्यांपासून लांब, भिंतीकडे तोंड करून उभी केली होती. लिंबू-मिरची बोनेटला नव्हती. ती आत, स्टिअरिंगला काळ्या दोऱ्याने आवळली होती.

“ताई, तो दोरा नका तोडू.”

“लिंबू बाहेर बांधतात, झुलालभाऊ. आत कशाला?”

“बाहेरनी नजर ऱ्हायनी तं बाहेर बांधतस,” झुलाल म्हणाला.

अपराध्याला दैव नेहमीच वेळेवर आठवते, हे तिने मनात नोंदवले आणि दोरा तोडला. बाहेर उभी राहूनच खिडकीतून हात घालून तिने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. काही झाले नाही. मग स्टिअरिंग डावीकडे वळू लागले.

ते घाईत नव्हते. पाव फेरा होऊन थांबले. माणूस हात बदलून धरतो तेवढा वेळ. पुन्हा वळले. खाली पुढचे टायर धुळीत करकरले. मोटरीची घरघर मात्र नव्हती. चांगल्या मोटरीचा आवाज येत नाही, असे दिपमालाने कुठेसे वाचले होते. तिच्या मानेवर काटा आला आणि तिने तो शास्त्राधाराने मोडून काढला. धूर दिसला की अग्नी असतोच. फिरणे दिसले की फिरवणारे यंत्र असतेच. तिने मोबाइल उचलून चित्रण सुरू केले. कित्येक आठवड्यांनी तिला आनंद झाला होता.

“बघा. कोणी हात लावलेला नाही आणि स्टिअरिंग फिरते आहे. हाच तो न आढळलेला दोष. तुमची मोटर माझ्या बापाच्या हातावर वरचढ झाली.”

झुलाल भिंतीला पाठ लावून उभा होता. दिपमालाने वाकून दांड्याखालचा डबा पाहिला. त्याच्या सगळ्या फटी एम-सीलने लिंपलेल्या होत्या.

“हे कशासाठी? कोणी उघडून बघू नये म्हणून?”

झुलालने मान डोलावली. इतक्या लवकर होकार येईल, असे तिला वाटले नव्हते.

“मग आता या कॅमेऱ्यासमोर मोटरीची वायर काढा. स्टिअरिंग थांबेल. त्यानंतर आपण दोघे पोलिसांत जाऊ.”

“पोलिसमा येस ना मी,” तो म्हणाला. “आते चला. पन गाडीना जवळ नका उभ्या ऱ्हाऊ.”

“आधी वायर.”

पक्कड त्याच्या हातात होती, हात हलेना. आतले स्टिअरिंग डाव्या टोकाला जाऊन थांबले होते. आता ते उजवीकडे, दिपमाला उभी होती त्या बाजूला, वळू लागले. तिने मोबाइल झुलालच्या तोंडावर धरला. आरोपीचे म्हणणे त्याच्याच शब्दांत हवे, हा तिचा आग्रह होता, आणि ते तसेच्या तसे तिला मिळाले:

“ताई, वायर कोनती काढू? मोटर मी बसाडीच नही. तो डबा पहिला दिनपासून रिकामा शे.”