दंडावरच्या बलिया

"काढा! काढून टाका एकदाच्या!"

जमनीनं डाव्या दंडावर मूठ आपटली आणि सून गोजरबाईनं कानांवर हात ठेवले. भरल्या तांड्यात, नवरा समोर बाजेवर जिवंत बसलेला असताना कोणती बाई बलिया काढा म्हणते? कोपरापासून खांद्यापर्यंत गच्च चढवलेल्या त्या पांढऱ्या हाडाच्या बांगड्या. लमाणाच्या बाईच्या दंडावरून त्या उतरतात नवऱ्याच्या मयतीला. त्याआधी नाही म्हणजे नाही.

नेमसिंग मान खाली घालून तंबाखू चोळत राहिला. म्हातारीचं डोकं कधीच गेलं होतं. लेकाला ती भाऊ म्हणायची, जेवून उठली की जेवण मागायची. खुद्द नवऱ्यालाच विचारायची, "कोन वो बाबा तुमी?" तेही त्यानं गिळलं. पण सगळं विसरलेल्या बाईला नेमकं आपलं मरणच तेवढं आठवावं? तरुणपणी हिंगोलीच्या छावणीत बैलांवरून धान्य पोचवलं आणि परतताना हौसेनं या बलिया आणल्या, त्या हिच्यासाठीच ना? आता ऊठसूट त्याच काढायचा धोशा! राग यायचा त्याला. रागाखाली रडू असायचं.

"बाहेरचं हाय," तांड्याचा नायक खेमा म्हणाला, आणि त्याचा शब्द कोण मोडणार? भगत आला, लिंबू उतरलं, धूर झाला. दंडावर मारून घेते म्हणून तिचे हात दाव्यानं बांधले. ती जास्तच ओरडली. अंगाला कुणाला हात लावू देईना, म्हणून अंघोळ बंद झाली. झोपडीत वास सुटला तेव्हा सगळे अंघोळीच्याच नावानं नाक मुरडू लागले.

एका दुपारी नेमसिंग तिला पाणी पाजायला वाकला. सगळ्या माश्या डाव्या दंडावर बसल्या होत्या. उजव्यावर एकही नव्हती.

सारा जन्म बैलांत गेलेला माणूस तो. जुवाखाली मान सडली की बैल असाच झटकतो आणि माश्या अशाच बसतात. बैलाला बोलता येत नाही, म्हणून माणूस मान तपासतो. ही तर बोलत होती! रोज बोलत होती बिचारी!

"गोजरा, करवत आन!"

खेमा धावत आला. "येडा झाला काय रे? तू जिता असताना?"

"तिला तकलीफ होऊन राहिली, नायक."

"आन् काढायच्या तर दोन्ही हाताच्या काढाव्या लागतीन. अर्धी रांडव नसती आपल्यात."

"दोन्ही काढा," नेमसिंग म्हणाला. "मला मेला म्हना, पन काढा."

कापल्या. एक बलिया कधीतरी पिचली होती आणि तिचं टोक मांसात घुसलं होतं. आत हाडापर्यंत सडलं होतं. अळ्या पडल्या होत्या. गोजरबाई तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली. लिंबाच्या पाल्याचं पाणी, हळद, जे होतं ते केलं. विलायतेकडच्या लढाईचे दिवस, घासलेटसुद्धा मिळेना, तिथं दवा कुठली मिळणार? हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंत गाडीचे हिसके ती सोसणार नव्हती. खेमानं जखम पाहिली आणि उठून गेला.

पण जमनी निवली. कितीतरी दिवसांनी तिचं कपाळ सैल झालं. नेमसिंग तिच्या उशाशी बसून राहिला. मरते तर मरते, पण माझं मरण नव्हती मागत, एवढंच तो मनाशी घोळवत होता आणि त्याला लाज वाटावी इतकं बरं वाटत होतं.

मग तिचा हात दंडावर गेला. वर फिरला, खाली फिरला. दुसऱ्या दंडावर गेला. दोन्ही दंड मोकळे. तिचा चेहरा पडला.

"बाबा," तिनं त्याला विचारलं, "माझा धनी गेला? कवा गेला? मला काहून कोनी सांगितलं न्हाई?"

"म्या हाय ना जमने! ह्यो काय, तुज्यासमोर हाय!"

त्यानं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, परक्या पुरुषासमोर घ्यावी तशी तोंडावर ओढणी घेतली, आणि जीव जाईपर्यंत नेमसिंगच्या नावानं हेल काढून रडत राहिली.