पडद्यावरचं गाव

त्सुनामीने नेलेलं गाव शिगेरूने गेममध्ये घर घर करून पुन्हा उभं केलं. लाटेत गेलेला, समोरच्या घरातल्या किकुएचा नवराही किनाऱ्यावर जाळं सांधत बसवला.

तो गेम बघायला रोज शेजारणी त्याच्या टीव्हीसमोर जमायच्या. "शिगेरूसान, माझी माकूळ मासळी वाळवायची दोरी डावीकडे होती हो! जन्मभर समोर राहून एवढंही दिसलं नाही?" किकुए टोमणा मारायची आणि मग हळूच पडद्यातल्या नवऱ्याला चहा झाल्याचं सांगायची.

आज गेम उघडला तर नवं अपडेट आपोआप उतरलेलं. 'आता समुद्र अगदी खऱ्यासारखा!' अशी पाटी झळकली आणि किनाऱ्याचं पाणी मागे मागे सरकू लागलं.



किकुए धावत जाऊन पडद्याला बिलगली, "अहो, या वेळी तरी ते जाळं सोडा आणि टेकडीकडे पळा!"