तडा गेलेला भोपळा

फोटोग्राफीच्या वर्गात नामवंत छायाचित्रकारांचं काम दाखवून झाल्यावर सरांनी परीक्षेसाठी सांगितलं, “सुईच्या छिद्राचा, बिनभिंगाचा कॅमेरा स्वतः बनवून फोटो काढा.” अंकितानं कॅमेऱ्यासाठी बनवलेले दोन्ही खोके फुकट गेले; फटींतून उजेड शिरून आतला फोटोचा कागद काळा पडला. मिरजेत शेजारी सतारी बनवणारे बशीरचाचा म्हणाले, “रडतीस कशाला? हा भोपळा घे. तडा गेलाय, सतारीला चालत न्हाई.” वर्षभर वाळवलेला भोपळा त्यांनीच कापून, आतून काळा रंगवून दिला आणि अंगणात कॅमेऱ्यासमोर न हलता बसले. उठताना म्हणाले, “लग्नातबी एवढा गप बसलो न्हवतो!” संध्याकाळी फोटो धुतला. चाचांचा चेहरा स्वच्छ उमटला होता. उजेडाची रेघही नव्हती. अंकिता हरखली, मग थबकली. तड्यातून उजेड शिरायला हवा होता. भोपळ्यावर बोटं फिरवून ती दुकानात धावली. “चाचा, तडा नव्हताच की!” चाचांनी हात पुसले. “आदी फोटू दाव.”